आखाजीला फुलं का गळतात? खान्देशातल्या घरच्या मिरचीबद्दल

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जळगावात घर, वर मोकळी गच्ची. फेब्रुवारीत तयार रोपं आणून बारा कुंड्यांत तिखट मिरची लावली. मार्चमध्ये झाडं छान तरारली. एप्रिल लागला तसं फुलं येतात आणि देठासकट गळून पडतात. आता आखाजी (अक्षय्य तृतीया) होऊन गेली, पानंही आखडायला लागलीत. ज्या चार-सहा मिरच्या लागल्या त्यांना तिखटपणा नाही. दुकानदाराने फूलगळीचं टॉनिक दिलं, ते दोनदा फवारलं, फरक पडला नाही. आणि मुलाच्या हट्टापायी भूत झोलकिया ही जहाल मिरचीही लावायची आहे, ती आपल्याकडे येईल का?

यावल तालुक्यात आमची छोटी रोपवाटिका आहे. सासूबाईंनी वांगी-मिरचीच्या रोपांपासून सुरू केली, गेली पंचवीस वर्षं मी चालवते. एप्रिल-मेमध्ये रोज कुणी ना कुणी हाच प्रश्न घेऊन येतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी फुलांचं. फुलं गळतात ती कुठल्या रोगाने नाही. मिरची उष्ण हवेतलं पीक आहे हे खरं, पण तिच्या उष्णतेलाही मर्यादा असते. दिवसा ३२-३५ अंशांच्या वर पारा गेला आणि रात्री २४ च्या खाली उतरलाच नाही, की फुलातला पराग निकामी होतो. मग फळ धरत नाही आणि झाड ते फूल टाकून देतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये दिवसा ४४-४५ अंश असतात हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण मिरचीला खरा त्रास होतो रात्रीचा. एकदा रात्री दहा वाजता गच्चीवर अनवाणी उभ्या राहून बघा. दिवसभर तापलेला स्लॅब तेव्हाही तळव्याला गरम लागतो. त्याच स्लॅबवर तुमची कुंडी टेकलेली असते, म्हणजे झाडाला थंडावा मिळायचे जे सहा-सात तास, ते मिळतच नाहीत. आमच्या शेतातली मिरचीसुद्धा या दिवसांत फुलं गाळते, पण उघड्या जमिनीवर पहाटे थोडा गारवा येतो म्हणून तुरळक फळ तरी धरतं. स्लॅबवर तेवढंही नाही.

यावर टॉनिक फवारून काही होत नाही. पराग मेलेला असेल तर वरून काय शिंपडणार? ते पैसे वाचवा आणि त्यात ५० टक्के सावलीची हिरवी जाळी घ्या. मार्चअखेरीपासून मृगाचे दोन-तीन पाऊस पडेपर्यंत ती डोक्यावर हवी, आणि पश्चिमेच्या बाजूने खालपर्यंत सोडलेली हवी. दुपारी तीन ते पाचचं तिरपं ऊन झाडाला जास्त भाजतं, नुसतं वर जाळी बांधून ते अडत नाही. कुंड्या स्लॅबवरून उचला, दोन-दोन विटांवर ठेवा, म्हणजे खालून हवा खेळेल. काळ्या ग्रो-बॅग असतील तर त्यांना बारदान गुंडाळा आणि सकाळी ते ओलं करा. कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवल्या की आतल्या कुंड्यांना बाहेरच्यांची सावली मिळते. मे महिन्यात झाडाकडून एवढंच मागायचं की त्याने जिवंत राहावं. खत बंद. जी फुलं येतील ती सरळ खुडून टाका, झाडाची ताकद वाचते.

पाण्याबद्दल दोन गोष्टी आहेत, आणि दुसरी चूक पहिलीपेक्षा जास्त झाडं मारते. पाणी सूर्य उगवायच्या आधी द्यायचं. टाकीचं पाणी दुपारी इतकं तापलेलं असतं की हात घालवत नाही, ते मुळांवर ओतू नये. आणि दुपारी दोनला पानं माना टाकतात, ते बघून पाणी ओतायला धावू नका. झाड त्या वेळी पानातून उडणारं पाणी वाचवत असतं. संध्याकाळी सात वाजता परत बघा. पानं उभी राहिली असतील तर झाड तहानलेलं नव्हतं. सातलाही मलूल असेल तर मात्र मातीत बोट घाला. दुसऱ्या पेरापर्यंत कोरडं लागलं तर पाणी, ओल लागली तर मुळं कुजायला लागलीत असं समजा. सासूबाई नव्या बाईला कामावर घेतलं की पहिल्या दिवशी अहिराणीत एवढंच सांगायच्या, ‘पहिले बोट घाल, मंग पानी टाक.’ रोपवाटिकेत मी इतकी वर्षं याच एका वाक्यावर चालले.

आठवड्यातून एखाद्या दिवशी नळाला पाणी येतं अशा गावांतून बरेच जण मिरचीला बोअरचं पाणी देतात. आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार फार. कुंडीच्या काठावर पांढरी खपली आणि पानांच्या कडा करपलेल्या दिसल्या तर ते क्षारांचं काम आहे. पावसाळ्यात कुंड्या मोकळ्या पावसात ठेवल्या की बरेचसे क्षार धुऊन जातात. उन्हाळ्यात केळीची वाळलेली पानं हातभर तुकडे करून कुंडीत जाड पसरा. आपल्या भागात ती फुकट मिळतात आणि पाणी जवळजवळ निम्म्यावर येतं.

आता वेळापत्रक, कारण तुमच्या सगळ्या अडचणींचं मूळ तिथे आहे. फेब्रुवारीत लावलेलं झाड दोन महिन्यांत फुलावर येतं, म्हणजे बरोबर एप्रिलच्या तोंडाशी. शेतकरी उन्हाळी मिरची करतात, पण त्यांच्याकडे जमीन, ठिबक आणि जानेवारीत तयार असलेली रोपं असतात, त्यामुळे ऊन चढायच्या आत दोन-तीन तोडे निघतात. घरच्या कुंडीसाठी खान्देशात दोनच मुहूर्त मी सांगते. पहिला: आखाजीनंतर, मेच्या शेवटच्या पंधरवड्यात सावलीत बी टाकायचं, जुलैच्या पहिल्या आठवड्यात रोप मोठ्या कुंडीत. श्रावणात कानबाईच्या सणाच्या सुमारास झाड बांधा धरतं, पोळ्याला फुलतं आणि दसऱ्यापासून मिरची सुरू होते ती संक्रांतीपर्यंत. दुसरा: ऑगस्टअखेर बी, ऑक्टोबरमध्ये लागवड, ही मिरची हिवाळ्यात, वांग्याच्या भरताच्या दिवसांत हाताशी येते आणि होळीपर्यंत चालते. दोन्हींत फुलांचा मुख्य काळ सप्टेंबर ते जानेवारी असा पडतो, जेव्हा आपल्याकडची रात्र थंड असते. फक्त डिसेंबर-जानेवारीत पारा १० च्या खाली गेला की झाड आठ-पंधरा दिवस थबकतं, फळ पिकायला वेळ लागतो. ते चालायचंच.

मातीचं एक निरीक्षण तुम्ही आत्ता गच्चीवर जाऊन करू शकता. कुंडीची माती आणि कुंडीची भिंत यांच्यात बोटभर फट पडली आहे का? असेल तर तुम्ही शेतातली काळी माती तशीच भरली आहे. काळी माती जमिनीत सोनं, कुंडीत मात्र ती वाळली की आकसते, फट पडते आणि वरून घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जातं. तळातून पाणी आलेलं पाहून आपण समाधानी, आणि मधला मातीचा गोळा कोरडा ठणठणीत. कुंडीसाठी दोन पाट्या नदीकाठची पोयट्याची माती, एक पाटी पूर्ण कुजलेलं शेणखत, एक पाटी जाड वाळू आणि कोकोपीट मिळून, आणि त्यात कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड. कुंडी किमान १२ इंची हवी, १५ इंची असेल तर उत्तम. रंगाची २० लिटरची बादली खाली पाच-सहा भोकं पाडून फार छान चालते.

राख घालू नका. कुठल्याही झाडाला चुलीची राख घालायची सवय आपल्याकडे आहे आणि कोकणातल्या आंबट मातीत ती उपयोगी पडतही असेल, पण आपली माती आणि आपलं पाणी मुळात अल्कधर्मी. राखेने ते आणखी वाढतं आणि झाडाला लोह उचलता येत नाही. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, असं दिसलं की लोहाची कमतरता समजायची. त्याला चिलेटेड (झाडाला सहज उचलता येणारं) लोह लिटरला अर्धा ग्रॅम घालून संध्याकाळी फवारा, आठवड्यात रंग फिरतो.

बी टाकताना खोल पुरू नका, बोटाच्या नखाइतकी माती वर पुरे. सात ते दहा दिवसांत उगवतं. या वयात रोपं एकाच कारणाने जातात: सकाळी ताठ उभं असलेलं रोप दुपारी जमिनीलगत बारीक होऊन आडवं पडतं, जणू कुणी दोऱ्याने आवळलंय. ही बुरशी आहे आणि तिला जास्तीची ओल लागते. बी विरळ टाका, ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी मिसळलेलं खत वापरा, पाणी झारीने आणि फक्त सकाळी. रोपांच्या ट्रेवर ४० मेशची कीटकरोधक जाळी लावली तर पुढचं अर्धं दुखणं टळतं, कारण पानं आखडवणारा चुरडा-मुरड्याचा विषाणू बहुतेक वेळा कोवळ्या रोपातच शिरलेला असतो. पाच-सहा आठवड्यांनी रोप वीतभर झालं की संध्याकाळी लावा. पंधरा दिवसांनी शेंडा खुडा, फांद्या वाढतात.

आता आखडलेली पानं. यावर मला जास्त बोलायचं आहे, कारण इथे लोक सगळ्यात जास्त चुकीची फवारणी करतात. आपण सगळ्यालाच ‘चुरडा’ किंवा ‘बोकड्या’ म्हणतो, पण या एका नावाखाली निदान तीन वेगळी दुखणी आहेत आणि तिन्हींना उपाय वेगळा.

पान हातात घ्या आणि कडा कुठे वळल्यात ते बघा. कडा वर वळून पानाची होडी झाली असेल तर फुलकिडे. कडा खाली वळून उलटी होडी झाली असेल, पानाचा देठ लांबल्यासारखा वाटत असेल आणि पान खालून तेलकट-तपकिरी दिसत असेल, तर कोळी (माइट ही बारीक कीड). पानं अगदी बारीक, गुच्छासारखी, शिरा जाड झालेल्या, पेरं आखूड आणि सगळं झाड खुजं, तर विषाणू, जो पांढरी माशी घेऊन येते. खात्री करायची असेल तर पांढरा कागद घ्या, शेंड्याखाली धरा आणि शेंड्यावर दोन टिचक्या मारा. सुईच्या टोकाएवढे पिवळसर किंवा काळपट लांबट कण कागदावर पडून धावायला लागले तर ते फुलकिडे. मिरचीवरचे कोळी डोळ्यांना दिसत नाहीत, त्यांना भिंग लागतं. कागद कोरा आणि पान उलटी होडी, म्हणजे कोळी असं धरून चालायला हरकत नाही. झाड हलवल्यावर पांढरे ठिपके उडाले तर पांढरी माशी.

मेमधल्या कोरड्या हवेत गच्चीवर मला बहुतेक वेळा फुलकिडे दिसतात, पावसाळ्याच्या दमट दिवसांत कोळी. फुलकिड्यांना निळे चिकट सापळे आणि निंबोळी अर्क पुरतो, पण चिकाटीने, दर पाचव्या-सहाव्या दिवशी तीन वेळा. कोळ्यांवर पाण्यात मिसळणारं ८० टक्क्यांचं गंधक, लिटरला २ ग्रॅम, पानाच्या खालच्या बाजूने. मात्र गंधक कडक उन्हाळ्यात मारू नका, पानं जळतात. आणि निंबोळी तेल फवारलं असेल तर मध्ये दोन आठवडे जाऊ द्या. विषाणूला औषध नाही. ते झाड उपटायचं, पिशवीत बांधून टाकून द्यायचं. मन होत नाही, मला माहीत आहे, अजूनही माझं होत नाही. पण त्या एका झाडावरून माशी उरलेल्या अकरांवर बसते.

निंबोळी अर्क विकत घ्यायची गरज नाही. आषाढात आपल्याकडे प्रत्येक कडुलिंबाखाली पिवळ्या निंबोळ्यांचा सडा असतो. गर धुऊन काढा, बिया सावलीत वाळवा, डब्यात ठेवा. लागेल तेव्हा ५० ग्रॅम बिया जाडसर कुटून फडक्यात पुरचुंडी बांधा, लिटरभर पाण्यात रात्रभर ठेवा, सकाळी ती पुरचुंडी पाणी दुधाळ होईपर्यंत पिळा. गाळून चिमूटभर साबणाचा चुरा घाला आणि संध्याकाळी फवारा. अर्क त्याच दिवशी संपवायचा, शिळा चालत नाही. आठ महिन्यांपेक्षा जुन्या निंबोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही.

एक विनंती आहे आणि ती कळकळीची आहे. घरात कपाशीचं औषध पडलेलं असतं, ‘थोडंसं मारून बघू’ म्हणून ते मिरचीवर मारू नका. कपाशीचं बोंड कुणी खात नाही. मिरची आपण तोडून तासाभरात ठेचून भाकरीबरोबर खातो.

चौथंही एक कारण आहे, जे पुस्तकातल्या चित्रात सापडत नाही. सात-आठ वर्षांपूर्वी आमच्या मातृझाडांच्या ओळीत एका आठवड्यात चाळीस झाडांची शेंड्याची पानं दोरीसारखी अरुंद आणि पिळलेली झाली. मी विषाणू समजून सगळी उपटली. दहा दिवसांनी बांधावरची भेंडी आणि पलीकडची कपाशी यांचीही पानं तशीच झालेली दिसली. भेंडी, कपाशी आणि मिरचीला एकाच आठवड्यात सारखाच विषाणू कसा होईल? चौकशी केल्यावर कळलं, वाऱ्याच्या दिशेने एका शेतात २,४-डी हे तणनाशक मारलं होतं. त्याची वाफ आणि तुषार वाऱ्याने लांबवर जातात. तसं झालेलं झाड मात्रा कमी असेल तर महिन्याभरात नव्या फुटव्यावर सुधारतं. ती चाळीस झाडं मी थांबले असते तर वाचली असती. म्हणून उपटण्याआधी आजूबाजूची दुसऱ्या जातीची झाडंही बघा. शहराच्या कडेला, शेताला लागून घर असेल तर हे विशेष लक्षात ठेवा.

रावेर, यावल, चोपड्याकडे परसात मिरची लावणाऱ्यांसाठी आणखी एक. केळीवरचा कुकुंबर मोझॅक विषाणू मिरचीवरही राहतो आणि मावा ही बारीक कीड तो दोन्हींकडे नेते. केळीच्या बागेला खेटून मिरची, काकडी, भोपळा लावू नका. तुमच्या मिरचीचं नुकसान होईल, आणि शेजाऱ्याच्या बागेचंही. परसातल्या मिरचीभोवती मक्याच्या किंवा ज्वारीच्या दोन दाट ओळी लावल्या तर मावा आणि पांढरी माशी बरीच अडते. सप्टेंबर-ऑक्टोबरपासून कपाशीवरची माशी घराकडच्या हिरव्यावर येते, तेव्हा ही ओळ उभी असायला हवी.

तुमच्या बारा झाडांचं काय करायचं? उपटू नका. मिरची एका हंगामाचं झाड आहे असं आपण समजतो, पण ती जगवली तर दोन-तीन वर्षं फळ देते. पानं तपासा, विषाणूची असतील तेवढी काढा. बाकीची जाळीखाली जगवा, फक्त आखडलेले शेंडे खुडा. मोठी छाटणी आत्ता नको, उघड्या पडलेल्या फांद्या उन्हाने सोलवटतात. मृगाचे दोन चांगले पाऊस झाले, हवा बदलली, की जमिनीपासून वीतभर ठेवून, तीन-चार फाट्यांवर छाटा. वरची दोन इंच माती काढून तिथे शेणखत आणि निंबोळी पेंड भरा. जुन्या मुळांवर नवा फुटवा इतक्या जोमाने येतो की नव्या रोपापेक्षा महिनाभर आधी मिरची मिळते. पावसाळ्यात मात्र प्रत्येक मोठ्या पावसानंतर कुंडीची भोकं काडीने मोकळी करा. मिरचीची मुळं एक दिवस पाण्यात राहिली तरी झाड वरून हिरवं असतानाच बसतं.

तिखटपणाचं कारण समजून घ्यायला एक मिरची उभी चिरा. मधोमध पांढरट पट्टी असते, जिला बिया चिकटलेल्या असतात. उजेडात धरली तर त्या पट्टीवर बारीक पिवळसर, चकचकीत थेंब दिसतात. तिखटपणा तिथे तयार होतो. बिया मुळात तिखट नसतात, पट्टीला लागून असतात म्हणून तिखट लागतात. ही पट्टी किती भरते हे सगळ्यात आधी वाणावर ठरतं. तुमचं रोप कुठल्या वाणाचं ते दुकानदाराने सांगितलेलं नाही, तेव्हा पहिला संशय तिथेच. त्यानंतर पाणी आणि खत: रोज भरपूर पाणी आणि युरियासारखं नत्र मिळालेलं झाड पानं फार करतं आणि मिरची पाणचट. फळ धरल्यावर दोन पाण्यांतलं अंतर थोडं वाढवा, झाड किंचित तहानलं की मिरची तिखट होते. आणि मिरची कोवळी तोडू नका. साल कडक, चकचकीत आणि गडद झाल्यावर तोडा.

शेजारी ढोबळी मिरची लावली म्हणून तिखट मिरची फिकी झाली, असं पुष्कळजण सांगतात. या वर्षीच्या फळात तसं होत नाही. परागाचा परिणाम आतल्या बीवर होतो, म्हणजे ते बी पुढच्या वर्षी लावलं तर झाड वेगळं निघू शकतं. बी राखायचं नसेल तर दोन्ही खुशाल शेजारी लावा.

वाण कुठला? पहिल्यांदा लावत असाल तर पुसा ज्वाला. लांब, सुरकुतलेली, पातळ सालीची, फिकट हिरवी आणि चांगली तिखट. वांग्याच्या भरताला आपल्याकडे जी मिरची लागते, भाजून ठेचली की सालीसकट मिसळून जाणारी, ती हीच जात. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची फुले ज्योती झुपक्याने लागते, आखूड आणि जाडसर, कुंडीत फार शोभते आणि भरपूर देते. लाल करून तिखट करायचं असेल तर गुंटूरकडची बारीक तेजा. ब्याडगी रंगाला नामी, पण तुम्हाला तिखट हवंय, तेव्हा ती नको.

भूत झोलकिया येईल, पण तिला आपल्या मिरचीसारखं वागवून चालणार नाही. ती ईशान्येकडची, आसाम-नागालँडच्या दमट हवेतली. २००७ साली जगातली सर्वांत तिखट मिरची म्हणून गिनीज बुकात तिची नोंद झाली. तिखटपणा मोजायची स्कोव्हिल ही पद्धत १९१२ पासूनची आहे, त्या मापावर १० लाखांचा टप्पा तिने ओलांडला. आता तिच्यापेक्षा तिखट वाण निघालेत, पण घरात खायला हीच पुष्कळ झाली. बी उगवायला दोन ते चार आठवडे लागतात, धीर धरा, कुंडी उकरून बघू नका. फळ यायला लावणीनंतर चार-पाच महिने. तेव्हा बी मेच्या मध्यातच, सावलीत, वरून ओलं फडकं टाकून लावा. ऑगस्टपर्यंत झाड मोठं, ऑक्टोबरमध्ये फुलं, डिसेंबरच्या आसपास फळ असा बेत बसला तरच जमतं. उशीर झाला तर ऐन फळाच्या वेळी थंडी लागते. दुपारच्या उन्हात तिला पावसाळ्यानंतरही थोडी सावली हवी, आणि थंडीत पश्चिमेच्या भिंतीशी, जिथे दिवसभराची ऊब रात्री मिळते. जो स्लॅब मेमध्ये शत्रू होता तो जानेवारीत तिच्या कामाला येतो. माझ्याकडे पहिली दोन वर्षं नुसती पानंच आली, तिसऱ्या वर्षी लवकर बी टाकलं तेव्हा एका झाडाला चाळीसच्या वर मिरच्या लागल्या.

तोडताना आणि चिरताना हातमोजे घाला, मुलाला तर घालायलाच लावा. तरीही हाताला लागली तर पाण्याने धुऊन आग कमी होत नाही, कारण तो तिखट अंश पाण्यात विरघळत नाही. आधी गोडेतेल चोळा, मग साबणाने धुवा. तोंड भाजलं तर दूध किंवा दही.

लाल मिरची वाळवायची असेल तर झाडावर पूर्ण लाल होऊन किंचित मलूल झाल्यावर तोडा. नंदुरबारच्या बाजारात ओली लाल मिरची येते आणि व्यापारी ती मोकळ्या जागेवर, पथारीवर पसरून वाळवतात. एखाद्या नोव्हेंबरात अवकाळी पाऊस झाला तर तो लाल गालिचा पाहता पाहता काळा पडतो. तुमच्या गच्चीवर तेवढीच जोखीम आहे, तेव्हा संध्याकाळी मिरची आत घ्या, दव लागू देऊ नका. देठ काढू नका, देठ काढलेल्या मिरचीत आत बुरशी धरते. हलवल्यावर आत बी खुळखुळलं की वाळली.

आणि बी राखायचं असेल तर संकरित वाणाचं राखू नका, त्यातून दहा झाडं दहा तऱ्हेची निघतात. ज्वालासारख्या सरळ वाणाच्या सगळ्यात निरोगी झाडावर, कळी उमलायच्या आधी दोन-चार फांद्यांना मलमलच्या कापडाची पिशवी बांधा. फळ धरलं की पिशवी काढा आणि त्या देठांना लाल दोरा बांधून खूण करा. ते फळ लाल होऊन सुकेपर्यंत झाडावर राहू द्या. बी काढून आठवडाभर सावलीत वाळवा, थोडी राख लावून काचेच्या बाटलीत भरा. राख कुंडीत नको म्हटलं ती इथे चालते, ओल धरू देत नाही. पेरायच्या आधी बी धुऊन घ्या, आणि बाटलीवर वाण आणि साल लिहून ठेवा.